डोळ्याचं पातं लवायच्या आत

मला तोंड नाही, तरी आज गप्प बसवत नाही. मी शोधसूची. हरवलेल्या माणसांच्या कार्यालयात, खिडकीमागच्या खोलीतल्या कॉम्प्युटरमध्ये राहते. इस्पितळांत नि आश्रमांत सापडलेल्या, स्वतःचं नाव सांगू न शकणाऱ्या लाखो माणसांच्या नोंदी माझ्या पोटात आहेत. कुणी आपलं माणूस शोधत आलं, की खिडकीवरच्या मावशी खुणा टाइप करतात आणि मी कामाला लागते.

पूर्वी मी फार हळू होते. नोंदी येतील तशा माझ्यात पडायच्या. मावशींनी विचारलं, की पहिल्यापासून शेवटपर्यंत सगळ्या चाळायच्या, जुळतील त्या बाजूला काढायच्या, मग नवी आधी, जुनी नंतर अशा लावून पडद्यावर पाठवायच्या. तोवर मावशींचा चहा पिऊन व्हायचा. "झोपलं वाटतं तुमचं मशीन!" रांगेतून टोमणे यायचे. पण मी 'नोंद नाही' म्हटलं, की ती खरंच नसायची.

मग इंजिनिअर आला. हुशार पोरगा, कामाला वाघ. त्याने मला मुळापासून नव्याने लावलं. सापडल्याची तारीख ताजी ती वर, जुनी ती तळाशी. आता वरून खाली यायचं आणि जुळणाऱ्या नोंदींनी पडद्यावरचं पान भरलं की थांबायचं. इथवर छानच होतं, मलाही हलकं वाटलं.

पण कार्यालयाच्या साहेबांना आणखी वेग हवा होता. म्हणून त्याने नियम घातला, पान भरो न भरो, ठरलेला वेळ संपला की थांबायचं. "जुनं कोण शोधतंय, साहेब?" तो म्हणाला. त्याने चाचण्याही ताज्याच नोंदींवर घेतल्या. आणि मध्येच थांबून हाती काही लागलं नाही, तर पडद्यावर तेच जुनं वाक्य येऊ दिलं, 'नोंद नाही'. साहेबांनी त्याची पाठ थोपटली.

पुढे एका दूरच्या आश्रमाने आपल्या कागदांवरच्या नोंदी पहिल्यांदाच पाठवल्या. माझ्याकडे त्या नव्याने आल्या, पण तारखा कित्येक वर्षांपूर्वीच्या, त्यामुळे थेट तळाशी गेल्या. त्यात एक माणूस होता. बोलत नाही. उजव्या कोपराला इस्त्रीने भाजल्याचा डाग. झोपताना चपला उशाशी घेतो.

काल ताई आल्या. हरवलेल्या धाकट्या भावासाठी त्या दरवर्षी येतात. मावशींनी खुर्ची पुढे केली.

"बसत नाही हो. मुलगा बाहेर थांबलाय. म्हणतो, आई, हे शेवटचं. किती वर्षं जिवाला लावून घेणार?"

"खुणा त्याच ना?"

"त्याच. उजव्या कोपराला इस्त्रीचा चटका. माझ्याच हातून बसलेला." ताई जरा हसल्या. "आणि चपला उशाशी घेऊन झोपायचा वेडा. चोर नेतील म्हणायचा."

तो माझ्याकडे होता! मी जिवाच्या आकांताने खाली धावले. एवढ्यात वेळ संपला. पडद्यावर उमटलं, 'नोंद नाही'.

"एवढ्यात झालं?" ताईंनी विचारलं. "आधी तर किती वेळ लागायचा."

"आता मशीन सुधारलंय, ताई. डोळ्याचं पातं लवायच्या आत सगळं बघतं."

"सगळं?"

"सगळं."

मावशींचा काय दोष? त्यांना जे सांगितलं होतं, तेच त्यांनी सांगितलं. ताई पदराने चष्मा पुसून म्हणाल्या, "मग तो नाहीच. बंद करा त्याचा शोध. दाराकडे डोळे लावून बसायला आता अंगात बळ नाही माझ्या."

मावशींनी बटण दाबलं. मुलाचा हात धरून ताई पायऱ्या उतरल्या.

इंजिनिअरदादा, मला पुन्हा हळू कर. नाहीतर निदान एवढं तरी खरं बोलू दे, की 'अजून सगळं पाहिलेलं नाही'. पण तुला तरी कुठे ऐकू येतंय? मला विचारतात ते एवढंच, की किती लवकर.

आणि तिकडे तो आजही चपला उशाशी घेऊन झोपेल. चपला नेईल असं तिथे कोणी नाही. त्याला नेईल असंही आता कोणी उरलं नाही.