आराम हाय

“आमच्या अक्कलकोटकडं ‘आराम’ म्हणजे पडून राहणं न्हवं की गं. जरा नीट विचार त्या बायकांना,” सुनेचे प्रश्न ऐकून बसव्वा म्हणाली होती. चंद्रिकानं नुसती मान हलवली, आपल्या लहानग्या दानूला सासूच्या कडेवर दिलं आणि अक्कलकोटची एसटी गाठायला पळाली.

जेऊरच्या मराठी घरातून ती सोलापूरच्या या कन्नड बोलणाऱ्या घरात आली होती. आंतरराष्ट्रीय विकास या विषयात एम.ए. करत होती. प्रबंध होता घरातलं आजारी माणूस सांभाळणाऱ्या बायकांवर. तिच्या आणि इतर विद्यार्थ्यांच्या पाहणीवरून एक परदेशी संस्था ठरवणार होती, कुठल्या गावाला मदतनीस बाई द्यायची.

अक्कलकोटजवळच्या गावात गिरिजाबाईंच्या घरी ती दारातल्या बाजेवर बसली. आत गिरिजाबाईंचे यजमान लकवा होऊन पडलेले. दानूसाठी घरून फोन येईल म्हणून चंद्रिकाचं अर्धं लक्ष मोबाइलकडं.

“काकू, दिवसातून आराम मिळतो का?”

“आराम हाय की. तुमी च्या घ्या.”

चहा देऊन त्या चौकटीला टेकून उभ्याच राहिल्या. ते चंद्रिकाला दिसलं. तरी तिनं ‘हो’ लिहिलं. गावातल्या बहुतेक बायकांनी तेच उत्तर दिलं.

“छान विश्रांती मिळतेय की या गावात,” व्हिडिओ कॉलवर तिच्या मार्गदर्शक मॅडम म्हणाल्या. “मग मदत करमाळ्याकडं देऊ.”

पुढच्या आठवड्यात दानूला ताप आला. दिवसभर पोर बसव्वाच्या खांद्यावरून खाली उतरेना. चंद्रिका दर थोड्या वेळानं कपाळाला हात लावून बघत होती. संध्याकाळी बसव्वाच्या बहिणीचा फोन आला. सुजलेला गुडघा एका हातानं चोळत बसव्वा कन्नडमध्ये बोलत होती. चंद्रिकाला त्यातला एकच शब्द कळला.

“अव्वा, आत्ता आराम म्हणालात?”

“मग? तिनं विचारलं आराम का, मी म्हटलं आराम. तुमच्यात ‘बरंय’ म्हणतात की, तसं.”

“पण सकाळपासून तुम्ही बूड टेकलेलं नाही.”

“ते कोण विचारतंय?” बसव्वा हसली. “सांगितलं होतं तुला. पण तू पडलीस एम्मे.”

चंद्रिका हसली नाही.

दानूचा ताप उतरल्यावर ती पुन्हा त्या गावी गेली. गिरिजाबाई नवऱ्याचं अंथरूण वाळत घालत होत्या.

“काकू, दिवसातून खाली कधी बसता?”

“आता हे काय नवीन?” त्या खूप हसल्या. मग चादरीचं टोक ओढत सावकाश म्हणाल्या, “बसतच न्हाय बाई. बसलं की उटायला येत न्हाय. हात द्यायला कोन हाय हितं? यांचा तर हातच गेलाय.”

चंद्रिकानं तिथूनच मॅडमना फोन लावला.

“अगं, गावं ठरली. यादी गेलीसुद्धा,” मॅडम हळहळल्या. “पुढच्या वर्षी बघू. तू प्रबंधात तळटीप दे.”

एवढा वेळ गिरिजाबाई शेजारी उभ्याच होत्या. चंद्रिकानं फोन पर्समध्ये टाकला. मग दुसरं टोक धरून त्यांच्याबरोबर चादर झटकून दोरीवर टाकली.

प्रबंधात कुणाचं नाव लिहायचं नाही असा नियम होता. तिनं नाव लिहिलं नाही. मांडीवर झोपलेल्या दानूला एका हातानं थोपटत तिनं तळटीप टाइप केली. आधी त्या शब्दाचा अर्थ, मग झालेली चूक. खाली वाचणाऱ्यासाठी चार ओळी:

‘या गावात कधी गेलात तर बसवेश्वर चौकाच्या मागं निळ्या दाराचं घर आहे. तिथं जरूर डोकावून या. बाईंना आराम आहे का, असं विचारू नका, त्या आहे म्हणतील. चहाला बसलात तर त्यांनाही शेजारी बसवा. आणि उठताना हात द्या.’