दळलेली फाईल

धाकट्या बहिणीला जुळी झाली त्या वर्षी, एका दुपारी ताई शेडमध्ये गुडघे टेकून बसली होती आणि बदकाचं एकेक अंडं हाताने फिरवत होती. प्रत्येक अंड्याच्या एका अंगाला पेन्सिलीची फुली, दुसऱ्या अंगाला गोल. फुली वर असेल तर गोल वर आणायचा, एवढंच काम. पण उबवणीच्या पेटीचं झाकण जितका वेळ उघडं, तितकी ऊब बाहेर जाते. म्हणून हात भरभर चालवायचा आणि अंडं अंड्यावर आपटूही द्यायचं नाही. ताईची मान अवघडली होती. तिच्या मागे, भिंतीलगतच्या टेबलाशी बसून चिमटा नव्या कॉम्प्युटरशी झटापट करत होता.

"काय म्हणतो?" तिने मागे न बघता विचारलं.

"तेच. परवानगी नाकारली."

चिमट्याचं बाजारात कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान होतं. शर्टाच्या खिशात पेनाच्या जागी बारीक चिमटा खोचलेला असायचा, म्हणून शाळेतल्या मित्रांनी ते नाव ठेवलं आणि पुढे त्याच्या बायकोनेही तेच उचललं. तो ताईच्या भावाच्या वर्गातला. गडगडाटाच्या दिवशी वीज पडून शेडमधला जुना कॉम्प्युटर धूर काढत बंद पडला, तेव्हा ताईने त्यालाच बोलावलं होतं. मशीन गेलं, डिस्क तेवढी वाचली. चिमट्याने ती एका डबीत घालून वायरीने नव्या मशीनला जोडली आणि छाती फुगवून म्हणाला की चहा होईपर्यंत चालू करून देतो. त्यानंतर चहा बऱ्याचदा झाला होता.

त्या डिस्कवर ताईच्या वडिलांची, आप्पांची फाईल होती. घरात तिला फाईलच म्हणायचे, जणू जगात दुसरी फाईलच नाही. पेटीतली अंडी कधी फिरवायची, रोज किती वेळ गार करायची, शेवटच्या आठवड्यात ऊब कधी उतरवायची आणि वाफ कधी वाढवायची, ते सगळं त्या फाईलच्या हुकमाने चालायचं. अंडी फिरवणं ताईला हाताने जमत होतं. उरलेलं आप्पांना ठाऊक आणि फाईलला ठाऊक.

आणि आप्पा शेडला लागूनच्या आतल्या खोलीत पलंगावर होते. अर्धांगवायूचा झटका येऊन गेल्यापासून त्यांना समजायचं सगळं, पण शब्द जागेवर राहिले नव्हते. पाणी हवं असलं की खुर्ची म्हणायचे. आकडा विचारला की दर वेळी सातच यायचा. ताईने उशाशी बसून किती अंश, किती तास, किती वाफ असं गोडीने विचारून पाहिलं. सात, सात, सात. मग आप्पांनीच चिडून भिंतीकडे तोंड केलं.

आईही घरात नव्हती. ती जुळ्यांना सांभाळायला धाकटीकडे गेलेली. फोनवर ती अंड्यांची चौकशी करायची आणि मागून दोन गळे एकदम रडायला लागले की ठेवून द्यायची.

नेहमीची अंडी असती तर ताईने एवढा आटापिटा केला नसता. ही ठिपकेवाल्या बदकांची होती. आप्पांनी उभ्या आयुष्यात ती जात निवडून निवडून घडवली होती, करड्या पिसांवर पांढरे ठिपके, हाडाने मजबूत, थंडीला न डरणारी. त्या साली रोग आला आणि आठवड्याभरात थवाच्या थवा आडवा झाला. त्याआधी काढून पेटीत ठेवलेली अंडी तेवढी उरली. ही गेली तर ठिपकेवाली बदकं संपली.

"मालक कोण आहे हिचा, बघू," चिमटा स्वतःशीच पुटपुटला. त्याने फाईलला चालण्याची मुभा दिली. नाकारली. तिची मालकी बदलली. नाकारली. शेवटी तो मशीनच्या मुख्य मालकाच्या नावाने आत शिरला, ज्याला कुठल्याच खोलीचं दार बंद नसतं. त्यालाही नाकारली.

"मालकालाच घरात घेईनात. असं माझ्या सासुरवाडीला होतं," तो म्हणाला.

ताईला हसू आलं नाही. तिने झाकण लावलं, गुडघे धरून उठली आणि त्याच्या मागे येऊन उभी राहिली. पडद्यावर तेच वाक्य एकाखाली एक रांगेने उभं होतं. तिला लहानपणापासून ते वाक्य माहीत होतं. दाण्याच्या पिंपाला कुलूप, औषधांच्या कपाटाला कुलूप, पंपाच्या खोलीला कुलूप, आणि सगळ्या किल्ल्या आप्पांच्या कमरेला. आताही त्या उशीखाली होत्या. अंग पुसताना ताई त्या बाजूला ठेवायची, तर आप्पा डाव्या हाताने चाचपत बसायचे.

बऱ्याच वेळाने चिमट्याने कपाळावर हात मारला. फाईलचा दोषच नव्हता. बाहेरून जोडलेल्या डिस्कवरचं काहीही चालवायचं नाही, असा या नव्या मशीनचा नियम होता. डिस्कवरून वाचा, लिहा, पण चालवू नका. मुख्य मालकालाही तोच नियम. त्याने फाईल उचलून मशीनच्या स्वतःच्या डिस्कवर ठेवली, चालायची मुभा दिली आणि बटण दाबलं.

या वेळी वाक्य वेगळं आलं. हे काम करण्यास मनाई आहे.

"निदान शब्द तरी बदलले," चिमटा म्हणाला. मग त्याने जी शिवी दिली ती आतल्या खोलीपर्यंत गेली असावी, कारण पलंग करकरला.

त्याने फाईल उघडून बघितली. आत अक्षरं नव्हती, नुसता कचरा. ताईच्या भावाने लिहिली तेव्हा ती साधी वाचता येण्यासारखी होती, एका ओळीखाली एक हुकूम. पण आप्पांचा हट्ट होता की कोणाला वाचता येता कामा नये. भावाने त्यांना समजावून सांगितलं होतं की मी ती दळून टाकतो, मशीनच्या भाषेत, मग पिठातून परत दाणे काढता येणार नाहीत. आप्पांना ती कल्पना इतकी आवडली की पुढे कित्येक दिवस ते येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचे, आमची फाईल दळलेली आहे.

चिमट्याने जुन्या मशीनवर आप्पांच्या खात्याला जो नंबर होता तोच नंबर देऊन नवं खातं उघडलं. मनाई आहे. त्याने खुर्ची मागे ढकलली.

"आता ज्याने दळली त्यालाच विचार, ताई. माझी अक्कल इथे संपली."

ताई भावाशी वर्षातून एक-दोनदा बोलायची, आप्पांच्या नकळत, शेडच्या मागे जाऊन. आप्पांनी मात्र त्याचं नाव टाकलं होतं. तो घर सोडून गेला त्याआधी कडाक्याचं भांडण झालं होतं. आप्पांची पद्धत त्याने बाहेर कोणाला तरी सांगितली, एवढंच ताईला माहीत होतं. कोणाला, ते ना बापाने सांगितलं ना लेकाने. आप्पा त्याला चोर म्हणाले होते. तो शब्द ताईने दाराआडून ऐकला होता.

तिने फोन लावला. भावाने सगळं ऐकून घेतलं.

"जुनं मशीन पार गेलं?"

"जळलं. डिस्क वाचली."

पलीकडे कोणीतरी टाईप करत होतं, त्याचं ऑफिस असावं.

"मग नाही चालणार ती," तो म्हणाला. "चालण्याआधी ती मशीनला त्याच्या बोर्डावरचा नंबर विचारते. तेच मशीन असलं तर चालते. नाहीतर नाही. आप्पा बसले काय, मी बसलो काय."

"असं का केलंस रे?"

"ते मला म्हणाले, हिला कोणीच हात लावायला नको. तुझ्यासकट कोणी नको. मी म्हटलं, घ्या, कोणीच नाही. माझ्याकडची प्रतही त्यांच्यासमोर पुसली. राग होता मला, ताई."

ताईने भिंतीला टेकून डोळे मिटले. तिला ओरडावंसं वाटत होतं आणि कोणावर ओरडावं ते कळत नव्हतं. एकाने कुलूप मागितलं, दुसऱ्याने रागाच्या भरात मागितलं त्याच्या दुप्पट दिलं, आणि अंडी फिरवत बसली होती ती.

"फोडता येईल का?"

"येईल. पण वेळ लागेल, आणि अंडी थांबायची नाहीत. शेवटचा आठवडा कधी लागतो?"

"लागला. आजच."

भाऊ खालच्या आवाजात म्हणाला, "मला आता आकडे आठवत नाहीत. पण ज्याला मी सांगितलं होतं तो अजून त्याच रीतीने उबवतो. त्याला तोंडपाठ आहे."

"कोण तो?"

"ते मी सांगणार नाही. एकदा न विचारता सांगितलं, त्याचं काय झालं ते तू बघितलंस. आप्पांना माहीत आहे. त्यांना विचार."

ताईचा तोल तिथे सुटला. ती म्हणाली की तुम्ही दोघं बापलेक आपापले मान कुरवाळत बसा, इथे पेटीत जीव आहेत. भावाने ऐकून घेतलं, पण नाव सांगितलं नाही. मग तिने फोन तसाच चालू ठेवला आणि तरातरा आतल्या खोलीत गेली. फोनचा आवाज मोठा करून तो आप्पांच्या उशाशी ठेवला.

"हा आहे फोनवर," ती म्हणाली. "फाईल संपली, आप्पा. ती आता कधीच चालणार नाही. याने तुमची पद्धत ज्याला सांगितली होती, त्याला मी बोलावू का? कोण तो, ते तुम्हालाच विचारायला सांगतो."

आप्पांनी फोनकडे पाहिलं. फोनमधून फक्त श्वास येत होता. मग भाऊ म्हणाला, "आप्पा."

इतक्या वर्षांत त्या घरात त्या आवाजाने ती हाक मारली नव्हती. आप्पांचा जबडा हलला. डावा हात उशीखाली गेला, किल्ल्यांशी खुडबुडला आणि रिकामाच बाहेर आला. तो हात त्यांनी खिडकीकडे केला.

खिडकीतून कालवा दिसायचा आणि कालव्यापलीकडे मफलरवाल्याचं शेड. तो बारा महिने गळ्यात मफलर घालायचा, भर उन्हातसुद्धा. त्याची पांढरी बदकं पोहत या काठाला आली की आप्पा काठीने पाणी झोडपायचे. त्याच्याकडे बघायचं नाही, त्याने राम राम केला तर उत्तर द्यायचं नाही, अशी घरात सक्त ताकीद होती. बदकांवरूनच बिनसलं असावं, अशी सगळ्यांची समजूत होती.

"पलीकडचा?" ताईने विचारलं.

आप्पांनी मान हलवली. काहीतरी बोलायला त्यांनी फार कष्ट घेतले. शेवटी आलं ते एवढंच.

"खुर्ची."

ताईने पेला तोंडाला लावला. आप्पांनी तो हाताने दूर केला आणि पुन्हा खिडकीकडे बोट दाखवून म्हणाले, "खुर्ची. दे."

तेव्हा तिच्या लक्षात आलं की या खेपेला त्यांना पाणी नको होतं.

मफलरवाला आला तो धावतच, चिखलाच्या चपला दाराबाहेर काढून. ताईने पेटीशेजारी खुर्ची मांडली होती. तो खुर्चीच्या काठावर अवघडून बसला, जणू कोणत्याही क्षणी उठवतील. आतल्या खोलीचं दार उघडंच होतं. त्याने एकदा तिकडे बघून हात जोडले आणि पेटीतलं एक अंडं उचललं. ते आपल्या मिटलेल्या पापणीला लावून थोडा वेळ तसाच बसला. ताई बघत राहिली. आप्पा अगदी तसंच करायचे, मान तशीच तिरकी करून.

"तापली आहेत जरा," तो म्हणाला. "आजपासून उतरवायची. आणि कोमट पाण्याचा फवारा, सकाळी आणि दिवस कलताना."

मग तो सांगत गेला. तो मुद्दाम मोठ्याने बोलत होता हे ताईने ओळखलं, आतल्या खोलीत ऐकू जावं म्हणून. एका ठिकाणी तो चुकला की काय कोण जाणे, आतून आप्पांचा आवाज आला. "सात." मफलरवाला थांबला, विचार केला आणि म्हणाला, "बरोबर. गार आधी करायची, फवारा मग." आप्पांना सात म्हणजे काय म्हणायचं होतं ते त्यालाच कळलं.

सगळी अंडी फुटली नाहीत. कडेची, हाताने फिरवताना गार पडलेली, तशीच राहिली. बाकीच्यांतून ओली, चिडकी पिल्लं बाहेर आली आणि वाळल्यावर करडी निघाली. ठिपके नंतर उमटतात. मफलरवाल्याने त्यातली काही नेली. ताईनेच दिली. आप्पा खिडकीतून बघत होते.

चिमटा बिल न घेता पुन्हा एकदा येऊन गेला. ताईने मफलरवाल्याने सांगितलेलं सगळं कॉम्प्युटरवर सरळ मराठीत लिहून ठेवलं होतं. भावाने त्यावरून नवी फाईल तयार करून पाठवली. चिमट्याने ती बसवली आणि विचारलं, "हीसुद्धा दळायची?"

"असू दे तशीच," ताई म्हणाली.

"आणि कोणाकोणाला मुभा देऊ?"

ताईने ओल्या हातांनी पदर खोचला आणि पेटीकडे वळली. "तू दार बंद नको करू एवढंच," ती म्हणाली.

भाऊ पुढच्या महिन्यात आला आणि राहिला. बापलेक फारसं बोलले नाहीत. बोलले ते आप्पांच्या उलटसुलट शब्दांत, आणि भावाला ते हळूहळू उमगायला लागले होते.

पिल्लं पहिल्यांदा कालव्यात उतरली त्याच आठवड्यात, मंगळवारी सकाळी, आप्पा गेले. धाकटीची जुळी तेव्हा नुकतीच पालथी पडायला लागली होती.