खालच्यांचे मार्क

तुकडीत त्याला सगळे दादाच म्हणत. लष्करात नवा नियम आला होता: बढती द्यायची तर वरच्यांनी, बरोबरीच्यांनी आणि हाताखालच्यांनीही त्या माणसाला मार्क द्यायचे. हाताखालच्यांनी नाव घालायचं नाही, म्हणजे भीड पडायला नको. दादाला धाकधूक होती ती वरच्यांची. खालच्यांची कशाला? घरचीच पोरं ती!

मेजरनी निकाल पुढे सरकवला. वरच्यांनी दहापैकी नऊ दिले होते, बरोबरीच्यांनी आठ. आणि हाताखालच्या सगळ्यांनी, आता घ्या, दोन! 'संकटात पाठीशी उभा राहतो का?' याच्यापुढेसुद्धा दोनच.

"बढती हुकली," मेजर म्हणाले. "तुकडी मात्र तुझ्याकडेच राहील."

याच पोरांना दादाने पुराच्या पाण्यातून एकेक करून ओढून काढलं होतं. बढतीचं दुःख त्याने गिळलं असतं, पण हे जिव्हारी लागलं.

"ज्यांना मी नकोय त्यांना हुकूम कुठल्या तोंडाने देऊ, साहेब? मला सीमेवरच्या ठाण्यावर पाठवा."

तिथे आपणहून कोण मरायला जातंय? मेजरना माणूस हवाच होता. त्यांनी दोनदा विचारलं आणि सही करून टाकली.

दादा बराकीत आला तर पोरांनी चहा टाकलेला, चेहरे फुललेले.

"दादा, हुकली ना बढती?" लंबू नावाच्या शिपायाला हसू आवरेना.

"एवढा आनंद झाला रे?"

"होणारच! बढती मिळाली असती तर तुम्हाला दुसऱ्या छावणीत धाडलं असतं. मग आम्हाला कोण वाली? ठरवलंच आम्ही, सरसकट दोन द्यायचे. शून्य दिलं असतं तर संशय आला असता."

दादा मटकन खाटेवर बसला. रडावं की या गाढवांच्या कानाखाली वाजवावी, त्याला कळेना.

"मला वाटलं, नकोसा झालो तुम्हाला," तो म्हणाला. "बदली मागून घेतली मी. उद्या सीमेवर निघतोय."

करायला गेले एक आणि झालं भलतंच. लंबू ताडकन उठून दाराकडे धावला.

"मेजरना सगळं खरं सांगतो!"

"बस खाली! खोटे मार्क दिलेत म्हणून सगळेच्या सगळे कोठडीत जाल."

दादाने त्याला दंडाला धरून बसवलं आणि आपले कपडे बॅगेत भरायला घेतले.

"पुढचा येईल त्याला तरी खरे मार्क द्या रे," तो म्हणाला.