कळलं?

“तंगडं मोडून हातात देईन, कळलं?” हे वाक्य सुभाषचंद्रांच्या तोंडात इतकं बसलं होतं की घरात ते कुणी मनावरच घेत नसे. उर्वी गच्चीच्या कठड्यावर चढली की हेच, गणिताची वही शाळेत विसरली की हेच. पाच वर्षांची उर्वी मग बाहुल्यांना रांगेत बसवून तोच दम भरायची. झाशीत वाढलेली पोर. मराठी सगळं समजायचं, पण बोलणं हिंदीत, आणि ‘ळ’ काही केल्या जमायचा नाही. “कललं?” असं ती बाहुलीवर डोळे वटारायची आणि तिची आई लीला हसून हसून पदर तोंडाला लावायची.

लीलाला जाऊन सहा वर्षं झाली. उर्वी घर सोडून गेली त्याला आज एकोणिसावा दिवस. झाशीजवळच्या बिजौलीतल्या कारखान्यात सुपरवायझर असलेल्या, परक्या जातीच्या हर्षितशी तिनं लग्न केलं आणि दोघांनी पोलिसांकडे संरक्षण मागितलं. कुणापासून? तर सुभाषचंद्रांपासून! सरकारी कंपनीत चौतीस वर्षं इंजिनिअर म्हणून काढलेला, झुरळ मारायलाही शेजाऱ्याला हाक मारणारा हा माणूस आता पोलीस ठाण्यातल्या बाकावर पिशवी मांडीवर घेऊन बसला होता.

दरोगा मॅडम, म्हणजे इथल्या फौजदार, तिशीच्या असतील. आवाज मऊच होता. “अंकल, आप पर कोई मुक़दमा नहीं है. बच्चे बालिग हैं, शादी कर चुके हैं. बस लिखकर दीजिए कि न मिलने जाएँगे, न फ़ोन करेंगे, न किसी को भेजेंगे.”

“कब तक?”

“जब तक बिटिया ख़ुद न चाहे.”

आणि त्यांनी उर्वीचा अर्ज वाचून दाखवला. पिताजींनी पाय तोडून हातात देण्याची धमकी दिली, असं त्यात होतं. सुभाषचंद्रांना हसूच फुटलं. “मैडम, ये तो हमारे यहाँ बोलने का ढंग है! बचपन से कहता आया हूँ. पूछ लीजिए उससे.”

“उस दिन हाथ में क्या था?”

हसू तिथंच विरलं. त्या दिवशी हातात दाराचा लोखंडी अडसर होता. चार दिवस तिला खोलीत कोंडलं होतं, फोन काढून घेतला होता. पाचव्या दिवशी खोलीचं दार उघडताच ती घराच्या उंबऱ्यापर्यंत आली आणि त्यांनी अडसर उचलून तेच जुनं वाक्य टाकलं. हजारदा त्यावर हसलेली पोर त्या दिवशी भिंतीला चिकटून उभी राहिली. खरं सांगायचं तर, ती घाबरली हे पाहून त्यांना बरं वाटलं होतं.

“लोखंडाचा अडसर,” ते म्हणाले. मग सावरून हिंदीत सांगितलं, “लोहे की छड़.”

मॅडमनी अर्ज त्यांच्यापुढे सरकवला. सगळा मजकूर हिंदीत, उर्वीच्याच अक्षरात. मधे एकच ओळ तिनं मूळ शब्दांत उतरवली होती, म्हणजे पोलिसांना शंका नको: ‘तंगडं मोडून हातात देईन, कळलं?’

मुलीनं आयुष्यात लिहिलेलं हे पहिलं मराठी वाक्य. लीला वही घेऊन मागे लागायची तेव्हा पोरीनं एक अक्षर गिरवलं नव्हतं. आता एकही चूक नव्हती. ‘ळ’सुद्धा नीट, पुन्हा गिरवून काढलेला. सुभाषचंद्रांनी त्या अक्षरावरून बोट फिरवलं आणि त्यांना रडू आलं. हे दाखवायचं कुणाला? घरात मराठी बोलायलाच आता कुणी उरलं नव्हतं.

त्यांनी चष्मा पुसला आणि हमीपत्रावर सही केली.

“सब समझ गए न, अंकल?”

“कळलं,” ते म्हणाले.

मॅडमना तो शब्द समजला नाही. त्यांनी कागदावर शिक्का मारला आणि बाहेर बसलेल्या पुढच्या माणसाला आत बोलावलं.