विटांमधला खो-खो

जोतीराम मास्तरांच्या अंगात सगळे गुण होते, दम तेवढा नव्हता. चहा कपात पडला की ओठ भाजून घ्यायचे, रिक्षा सिग्नलला थांबली की उतरून चालू लागायचे. लग्नात मंगलाष्टका लांबल्या तर भटजींकडं असे बघायचे की त्या माणसानं घाबरून दोन कडवी गाळावीत. असा हा माणूस उभा जन्म कोल्हापूरच्या एका पेठेतल्या पोरींना खो-खो शिकवत होता. हा घाईचा खेळ आहे, असं ते सांगायचे. निम्मं खरं होतं ते.

पेठेमागच्या क्रीडा उद्यानात एक मातीचं मैदान होतं, गंजलेली झोपाळ्याची कमान होती आणि कडेनं दगडी पायऱ्या. त्या पायऱ्यांवर पोरींच्या आया संध्याकाळी मेथी निवडत, लसूण सोलत बसायच्या. पोरगी डोळ्यांसमोर आहे, हाक मारली की येते, दिवे लागायला घरात असते. आयांचा मास्तरांवर विश्वास होता हे खरं, पण त्याहून जास्त विश्वास त्या पायऱ्यांवर होता. मास्तरांच्या हे कधी ध्यानात आलं नाही. पोरी आपल्यामुळं खेळतात असंच ते धरून चालले.

त्या पोरींत शिवांजली म्हणजे मास्तरांचा जीव की प्राण. वाघासारखी झडप, आणि सूर मारला की समोरचा गडी गेलाच. वडील लहानपणीच गेले. आई गंगव्वा आणि आजोबा नागाप्पा मिळून पेठेत किराणा दुकान चालवायचे. नागाप्पा अज्जा कपाळभर विभूती लावून गल्ल्यावर बसायचा, बोलायचा कमी आणि बोलला की ते दगडावरची रेघ. त्यानं मास्तरांना दुकानातच सांगून टाकलं होतं, "मास्तर, अठरा भरोस्तवर पोरगी तुमची. राज्याच्या संघात गेली, तर पुढं शिकू दे, नोकरी करू दे, मी मधे येत न्हाय. न्हाय गेली, तर मी आणीन त्या पावण्यांसमोर बसायचं. चालतंय?"

"चालतंय की!" मास्तरांनी विचार न करताच टाळी दिली. शिवांजली तेव्हा पंधरा-सोळाची होती आणि तिला संघात घेणार नाही असा माणूस जिल्ह्यात जन्मायचा होता.

त्याच सुमारास उद्यानाचा कायापालट करायचं ठरलं. शेजारची जुन्या गोदामांची जागा जोडून घ्यायची, धावपट्टी, बंदिस्त सभागृह, खो-खोची चांगली मैदानं, बाहेरगावच्या मुलींना राहायला खोल्या. नियोजन समितीत खेळाडूंच्या बाजूनं जोतीराम मास्तर. आराखडा करणारा अमरसिंह हा इथलाच, शिकून आलेला, शांत डोक्याचा पोरगा. टेबलावर नकाशा पसरून तो म्हणाला, "सर, आधी गोदामाची जागा ताब्यात येऊ द्या. तिकडं नवं बांधू, तोवर जुन्या मैदानावर खेळ चालू राहील. मग जुन्याला हात घालू."

"ताबा कधी मिळणार?"

"वाद चाललाय मालकांचा. वेळ लागेल."

वेळ हा शब्द ऐकला की मास्तरांचं डोकं फिरायचं. त्यात निवडणुका तोंडावर. "आरं, आचारसंहिता लागली की तुझा नकाशा उंदरं खातील! ते काय न्हाय. दसऱ्याला नारळ फोडायचा. एकदा नारळ फुटला न्हवं, मग काम कुणाच्या बापाला थांबवता येत न्हाय."

हे तिथं सगळ्यांना पटलं. आमच्याकडं नारळावर लोकांचा फार भरवसा. नारळ फुटला म्हणजे काम निम्मं झालं, असं मानून माणसं घरी जाऊन झोपतात. गोदामाच्या जागेवर काही नारळ फोडता येईना, ती अजून दुसऱ्याची. मग कुदळ मारायची कुठं? मास्तर उठून उभे राहिले. "माझ्या पोरींच्या मैदानावर मारा. पहिला मान त्यांचा!"

अमरसिंह एवढंच म्हणाला, "सर, मैदान उकरलं की ते ठेकेदाराच्या ताब्यात जाणार. मग आत कुणाला सोडणार नाहीत." त्याला सगळ्यांनी हसण्यावारी नेलं, आणि हसणाऱ्यांत मास्तरांचा आवाज सगळ्यात मोठा होता.

दसऱ्याला थाटात पूजा झाली. हलगी वाजली, फेटे बांधले, खो-खोच्या खांबाजवळ नारळ फुटला. शिवांजलीनं कुदळीला हळदकुंकू लावलं आणि पहिला घाव मास्तरांनी घातला. मास्तरांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. सहा महिन्यांत होईल, असं त्यांनी नागाप्पाला दुकानात जाऊन पेढा देऊन सांगितलं.

आठवड्यात पत्र्याचं कुंपण उभं राहिलं. यंत्रं आली, पायऱ्या फोडल्या, मैदानाच्या जागी खड्डा पडला. मग गोदामवाले कोर्टात गेले. नकाशा दोन्ही जागांचा मिळून एकच, म्हणून स्थगिती आली ती सगळ्याच कामाला. यंत्रं निघून गेली, खड्डा राहिला. पावसाळ्यात त्यात म्हशी डुंबल्या.

मास्तर हातपाय गाळणारे नव्हते. त्यांनी उचगावला, हमरस्त्याच्या पलीकडं, ओळखीच्या माणसाचा मोकळा प्लॉट मिळवला. स्वतः दगड वेचले, स्वतः खांब रोवले. पहिल्या दिवशी सगळ्या पोरी आल्या. मग कुणाची आई म्हणाली, एवढ्या लांब नको. कुणाच्या बापाला रस्ता ओलांडायची भीती, कुणाच्या भावाला तिथं उभ्या राहणाऱ्या पोरांची. भांडण कुणी केलं नाही. सगळ्यांनी मास्तरांना चहा दिला, "मैदान झालं की लगीच पाठवतो की," असं सांगितलं, आणि एकेक पोरगी घरात राहिली. घरोघर चहा पिऊन मास्तर परत यायचे. आयांचं काही चुकत होतं, असं त्यांना म्हणताही येईना.

शेवटी राहिली शिवांजली. आई बरोबर असेल तर जाऊ दे, असं नागाप्पा म्हणाला होता. दुपारचं दुकान आवरून गंगव्वा तिच्याबरोबर बसनं यायची आणि बाभळीखाली मेथीची जुडी घेऊन बसायची. एवढ्या मोठ्या प्लॉटवर ती एकटीच आई.

आता खो-खो एकट्यानं कसा खेळायचा? आठ जणी रांगेत पाठमोऱ्या बसाव्या लागतात, एकीचं तोंड इकडं, एकीचं तिकडं. पाठलाग करणारीनं एक दिशा धरली की मागं फिरायचं नाही, मधली रेघ ओलांडायची नाही, पलीकडं जायचं तर टोकाच्या खांबाला वळसा घालून. गडी पलीकडं निसटला तर बसलेल्या मैत्रिणीच्या पाठीवर थाप मारून खो द्यायचा, तिनं उठून झेपावायचं आणि आपण तिच्या जागी बसायचं. मास्तरांनी बांधकामावरच्या आठ विटा आणल्या आणि पोरींच्या जागी मांडल्या. आपण गडी होऊन पुढं पळायचे, नाही तर कडेला उभं राहून "डावीकडं! उजवीकडं!" ओरडायचे.

सुरुवातीला शिवांजली प्रत्येक विटेपाशी वाकायची, हात लावायची, "खो" म्हणायची आणि मग त्या विटेच्या वतीनं स्वतःच उठून पळायची. मास्तरांना ते बघवेना. वेळ फुकट जातोय, चाचणी जवळ येतेय. एक दिवस ते ओरडले, "अगं, विटेला कसला खो देतीस? ती काय उठून पळणार हाय? वाकू नको. तशीच सूट, खांबाला वळसा घाल आणि गडी गाठ! वेग वाढव, वेग!"

तिनं वेग वाढवला. काय पळायची पोरगी! सगळ्या उन्हाळ्यात, सगळ्या पावसाळ्यात ती त्या विटांमधून वाऱ्यासारखी पळत राहिली. मास्तर हातातल्या घड्याळाकडं बघून खूश व्हायचे आणि गंगव्वाला म्हणायचे, "संघ आपल्या खिशात हाय बघा." गंगव्वा जाताना मेथीतली निम्मी जुडी त्यांच्या पिशवीत टाकायची.

जिल्ह्याची चाचणी मुरगूडला होती. वयाच्या गटातली तिची ही शेवटची, आणि इथं निवड झाली तरच पुढं राज्याच्या संघाचा रस्ता. तिला अनोळखी पोरींबरोबर संघात घातलं. आठ पोरी रांगेत बसल्या, शिवांजली पाठलागाला उभी राहिली. शिट्टी झाली आणि ती सुटली तेव्हा कडेची माणसं बोलायची थांबली. असा वेग त्यांनी पाहिला नव्हता. मास्तरांची छाती भरून आली.

समोरची पोरगी चपळ होती. ती रांगेतून पलीकडं निसटली. शिवांजलीच्या अगदी हाताशी एक मुलगी पाठ ताठ करून, बोटं जमिनीला टेकवून, खोची वाट बघत बसली होती. शिवांजली तिच्या पाठीमागून तशीच पुढं गेली, थेट खांबापर्यंत, आणि वळसा घालून आली. तोवर गडी परत अलीकडं. पुन्हा तसंच. "खो दे की गं!" बसलेल्या पोरी ओरडू लागल्या. एकीनं तर मान वळवून तिच्याकडं बघितलं. शिवांजलीनं ऐकलं असेल, नसेल. ती पळतच राहिली, एकटी, जिवाच्या आकांतानं, आणि आठ जिवंत पोरी बसून राहिल्या.

मास्तरांनी तोंडावर हात धरला. हे आपणच शिकवलंय, हे त्यांना तिथंच कळलं.

निवड समितीतल्या एका भल्या माणसानं नंतर त्यांना बाजूला घेतलं. "सर, पोरगी आग आहे. पण सांघिक खेळाची सवय दिसत नाही. खो देतच नाही. संघात कशी घेऊ?" मास्तरांनी मान हलवली. त्या माणसाचं बरोबर होतं आणि त्याच्याशी भांडायलाही काही उरलं नव्हतं.

एसटीत गंगव्वा खिडकीशी डोळे मिटून बसली. शिवांजली मास्तरांशेजारी होती. कागल मागं पडलं. मग तीच म्हणाली, "सर, मी मुद्दाम न्हाय केलं."

"ठाऊक हाय गं मला."

"तिथं कोण बसलंय असं मला वाटलंच न्हाय."

मास्तरांना रडू आलं. मैदानाचा खड्डा झाला तेव्हाही रडला नव्हता, तो माणूस भर एसटीत रुमाल तोंडाला लावून रडला. शिवांजलीनं त्यांच्या पाठीवर हात ठेवला आणि कोल्हापूर येईपर्यंत तो काढला नाही.

मास्तर त्यांना घरापर्यंत सोडायला गेले. नागाप्पाचे पाय धरायचे, खुल्या गटासाठी आणखी एक वर्ष मागायचं, सगळी चूक आपली म्हणून सांगायचं, असं ठरवून गेले. म्हातारा दुकानाच्या फळीवर वाट बघत बसला होता. तिघांची तोंडं बघून त्याला कळलं. त्यानं चाचणीचं विचारलं नाही, पावण्यांचंही काढलं नाही. "पोरी, जेवलीस का?" एवढंच विचारलं.

मास्तर पुढं झाले. "अण्णा, चूक माझी हाय. मीच तिला..."

"मास्तर, बसा. पाणी प्या." नागाप्पाचा आवाज मऊ होता. "अजून थांबू म्हणता, तर थांबतो की मी. शब्द पोरीपेक्षा मोठा न्हाय. तुम्ही सांगा, मैदान कधी होतंय?"

एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच मास्तरांना काही घाई नव्हती. त्यांनी शिवांजलीकडं पाहिलं. दिवाळीला, पाडव्याला, सहा महिन्यांत, असलं काही तोंडातून येईना.

शिवांजलीनं चप्पल काढली, पिशवी आत ठेवली आणि उंबऱ्यात येऊन म्हणाली, "अज्जा, त्यांना नका विचारू. पावण्यांना या म्हणून सांगा."