झुंबर उतरवल्यावर

मायक्रोफोनला कपडे दिसत नाहीत, हे ताईने धाकट्या भावाला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. तरी तो रोज पूर्ण थाटात स्टुडिओत यायचा. चंदेरी तंग पँट, रुंद पट्टा, उंच टाचांचे बूट, फवारे मारून घुमटासारखे उभे केलेले केस, डोळ्यांत भरभरून काजळ आणि दोन्ही हातांत कोपरापर्यंत कडी आणि साखळ्या. बँडच्या ड्रमरने त्याचं नाव झुंबर ठेवलं होतं. ते इतकं चिकटलं की आईसुद्धा फोनवर ताईला ‘झुंबर जेवला का?’ असं विचारू लागली.

ग्लॅम मेटलमध्ये, म्हणजे नटूनथटून गायच्या रॉकमध्ये, आधी थाट आणि मग थयथयाट, असं झुंबराचं म्हणणं. ‘काजळ आणि करंट’ हा त्यांचा पहिला अल्बम. बाकीची गाणी झाली होती, शीर्षकगीत तेवढं अडून बसलं होतं. त्यात शेवटी एक लांब, उंच किंकाळी होती. काल झुंबराने ती सुरेख मारली, पण प्रत्येक टेकमध्ये कड्यांचा खळखळाट उतरला. गाण्यात कुणीतरी भांडी घासतंय असं वाटत होतं.

म्हणून आज ताईने सगळं उतरवायला लावलं. रेकॉर्डिंग तिचं काम होतं, तिथे भावाचे लाड चालत नसत. झुंबर बनियन आणि पायजम्यात माइकसमोर उभा राहिला. आवाज स्वच्छ आला, पण किंकाळी अर्ध्यावर बसली. पुन्हा घेतली, पुन्हा बसली. उद्यापासून स्टुडिओ दुसऱ्यांना दिलेला होता. गिटारवाल्याने गाणं लिहिलं होतं आणि माणूस वाईट नव्हता. त्याने हळूच सुचवलं की संध्याकाळपर्यंत जमलं नाही तर हे गाणं तोच म्हणेल. झुंबर ‘चालेल’ म्हणाला आणि पाणी प्यायला गेला. ताईला त्याची पाठ दिसली. अल्बमच्या नावाचं गाणंच दुसऱ्याने म्हटलं, तर हा त्या बँडचा गायक कसला?

ताई पदार्थविज्ञान शिकली होती. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, ही सवय तेव्हापासूनची. तिने आधी फक्त बूट परत दिले. फरक नाही. मग रुंद पट्टा, मग काजळ. फरक नाही. शेवटी ड्रमरने कुठूनतरी मोज्यांचे जोड आणले आणि कड्यांवरून ओढून बसवले. आता कडी हातात होती, पण मुकी. झुंबराने मोज्यांकडे एकदा पाहिलं, नाकाकडे हात नेला आणि गायला लागला. किंकाळी पुन्हा बसली.

म्हणजे कडी असून भागत नव्हतं, ती वाजायला हवी होती. पण कड्यांच्या आवाजाने गळ्याला काय होणार? ताईला हे काही केल्या पटेना. तिने आत जाऊन विचारलं, गाताना तू बघतोस कुठे?

“कुठे म्हणजे? समोर.”

“समोर काय दिसतं?”

“काय दिसणार, तुझा भांग,” झुंबर म्हणाला. “सकाळपासून मान खाली घालून त्या आवाज मोजायच्या काट्याकडे बघत बसलीयेस.”

ताई काचेपलीकडे आपल्या खुर्चीवर येऊन बसली. काल प्रत्येक टेकमध्ये खळखळ झाली की तिने मान वर केली होती, कुठलं कडं वाजलं ते शोधायला. आज खळखळ नव्हती, म्हणून तिने एकदाही वर पाहिलं नव्हतं. सगळं बदलून पाहिलं, पण स्वतःला तिने मोजलंच नव्हतं. लहानपणी तो पलंगावर उभा राहून गायचा आणि तिने अभ्यासातून डोकं वर काढेपर्यंत थांबायचा नाही, हेही तिला तेव्हाच आठवलं.

तिने ड्रमरला शेजारी बसवलं, काट्यावर नजर ठेव म्हणाली, आणि टेक सुरू केला.

यावेळी ती फक्त भावाकडे बघत राहिली. पहिल्या कडव्यात तो जरा बावरला. दुसऱ्यात त्याने मोजे घातलेला हात कमरेवर ठेवला. शेवटी त्याने मान मागे टाकली, आणि किंकाळी अशी चढत गेली की ड्रमर काटा सोडून तोंड उघडं टाकून बसला. गिटारवाल्याने दारातूनच अंगठा दाखवला आणि गिटार पेटीत ठेवायला घेतली.

एका टेकवरून काही सिद्ध होत नाही, हे ताईला चांगलं ठाऊक होतं. पण हा प्रयोग पुन्हा करून बघायची तिची मुळीच इच्छा नव्हती.

आतून झुंबराने विचारलं, “ताई, परत खळखळ आली का?”

“नाही. एकदम स्वच्छ.”

“मग सारखी वर काय बघत होतीस?”

ताईने काचेतून त्याच्या डोक्याकडे पाहिलं.

“केस बसलेत तुझे,” ती म्हणाली.

झुंबराने दोन्ही हात डोक्याला लावले आणि तो फवारा शोधायला धावला.