चुका हव्या आहेत

बाईंनी आणलेला गठ्ठा मॅडमनी टेबलावर घेतला, चष्मा वर सरकवला, पहिला कागद पाहिला, दुसरा पाहिला, मग मधूनच चार-पाच उपसले आणि विचारलं, "बाई, चुका कुठायत?"

"चुका?" बाई म्हणाल्या. "चुका होतीलच कशा? मी होते ना तिथे."

मॅडम आधी गंभीर राहिल्या, मग हसल्या, मग हसता हसता त्यांनी कपाळाला हात लावला. बाईंना मात्र त्यात हसण्यासारखं काय आहे ते कळायला अर्धं मिनिट लागलं, आणि कळल्यावर त्यांचा चेहरा पाहण्यासारखा झाला.

गोष्ट अशी होती. बाई, म्हणजे तिसरीच्या वर्गशिक्षिका, शिक्षणशास्त्रात संशोधनाची मास्टर्स करत होत्या. मुलं वजाबाकीत चुकतात तेव्हा त्यांच्या डोक्यात काय चाललेलं असतं, हा त्यांच्या प्रबंधाचा विषय. म्हणजे चूक हाच सगळा कच्चा माल. आणि बाईंनी केलं काय, तर वर्गाला वजाबाकीचे कागद वाटले, सवयीनं रांगांमधून फिरल्या, जिथे आकडा चुकला तिथे बोट ठेवून "परत बघ" म्हणाल्या, आणि चकचकीत बिनचूक कागद घेऊन विद्यापीठात मार्गदर्शक मॅडमपुढे हजर झाल्या. अख्ख्या महिन्याचं मुसळ केरात. बरं, हा काही निष्काळजीपणा नव्हता. उलट काळजी जरा जास्तच झाली होती.

"पुन्हा करावं लागेल," मॅडम म्हणाल्या. "आणि कागदावर नको. एकेका मुलाला समोर बसवा, गणित द्या आणि त्यानं ते कसं केलं ते त्याच्या तोंडून काढून घ्या. रेकॉर्डर चालू ठेवा. तुम्ही फक्त 'कसं केलंस' एवढंच विचारायचं. बरोबर म्हणायचं नाही, चूक म्हणायचं नाही. आणि सगळ्या मुलाखती संपून माझं तपासून होईपर्यंत कुणालाही उत्तर सांगायचं नाही, नाहीतर पोरं एकमेकांना सांगतील."

"आणि सत्र संपायच्या आत?"

"सत्र संपायच्या आत."

तिथेच तर घोडं पेंड खात होतं. शाळेनं बाईंना एकाच सत्राची सवलत दिली होती, सकाळी वर्ग घ्यायचा आणि दुपारी विद्यापीठात जायचं. सत्राच्या शेवटी विद्यापीठाच्या समितीपुढे गोळा केलेल्या माहितीचं प्रकरण ठेवायचं. ते मान्य झालं तर पुढे प्रबंध, नाही झालं तर नोंदणी रद्द. अशी सवलत पुन्हा मिळणार नाही हे मुख्याध्यापकांनी आधीच स्पष्ट सांगून ठेवलं होतं.

आता या वयात बाईंना हा उपद्व्याप सुचलाच का, असं पुष्कळांनी विचारलं. पदवीनं त्यांचं काही फार वर जाणार नव्हतं. पण इतकी वर्षं त्या मुलांना आकडे शिकवत होत्या आणि आकडा नेमका कुठे वाट चुकतो ते त्यांनी कधी पाहिलंच नव्हतं. चूक दिसली की ती पुसायला लावायची, विषय संपला. ते एकदा पाहायचं त्यांच्या मनानं घेतलं होतं. शिवाय, खरं सांगायचं तर, पुन्हा विद्यार्थिनी व्हायला त्यांना फार आवडत होतं. ग्रंथालयातली खिडकीजवळची खुर्ची त्या धावत जाऊन पकडत. मॅडमच्या खोलीत दुसऱ्या खुर्चीवर नेहमी जुन्या प्रबंधांची चळत असे, ती उचलून मांडीवर घ्यायची आणि मग बसायचं, यातही त्यांना मजा वाटायची. मॅडम त्यांच्या धाकट्या बहिणीपेक्षाही लहान होत्या, पण त्या रागावल्या की बाईंना अगदी शाळेतल्यासारखी धडधड व्हायची आणि ती धडधडसुद्धा त्यांना हवीहवीशी वाटायची.

त्या दिवशी त्या घरी आल्या त्या तोंड पाडूनच. नवरा विम्याच्या कचेरीतून नुकताच परतला होता आणि चहा टाकत होता. त्यानं सगळं ऐकून घेतलं.

"म्हणजे तुला चुका हव्या आहेत," तो म्हणाला. "अगं मग आधी सांगायचंस. माझ्या लग्नापासूनच्या सगळ्या तुला तोंडपाठ आहेत. रोज एक सांगितलीस तरी प्रबंध होईल."

"थट्टा नको. माझं नाव काढून टाकतील."

"कोण काढतंय? तू चार महिने फक्त गप्प बसायचंयस." एवढं बोलून तो स्वतःच थांबला. बायको गप्प बसल्याचं त्याला आठवेना. "अवघड आहे खरं," तो म्हणाला आणि त्यानं तिच्या कपात जरा जास्त साखर घातली.

मुलाखती सुरू झाल्या त्या शाळेच्या चित्रकलेच्या खोलीत. तिथे एक लांब टेबल होतं, रंगांचे डाग पडलेलं, आणि खिडकीला पडदा नव्हता. बाईंनी मध्ये रेकॉर्डर ठेवला, समोर मूल बसवलं, कागद पुढे सरकवला आणि मनाशी ठरवलं की आज तोंडाला कुलूप.

पहिल्याच मुलानं गणित चुकवलं. बाईंच्या मनात आनंदाच्या उकळ्या फुटल्या. त्यांनी अगदी मऊ आवाजात विचारलं, "कसं केलंस रे?" मुलानं त्यांच्याकडे पाहिलं, खोडरबर काढला आणि सगळं खसाखसा पुसून टाकलं.

दुसऱ्यानं तेच केलं. तिसरीनं तर प्रश्न पुरा व्हायच्या आत पुसलं. बाईंनी खोडरबर काढून घेतले, तर मुलं थुंकी लावून बोटानं पुसायला लागली आणि कागदाला भोकं पडली. आठवडाभरानं बाई रेकॉर्डर घेऊन मॅडमकडे गेल्या. मॅडमनी कानाला लावून ऐकलं.

"बाई, तुमची भुवई ऐकू येते याच्यात."

"भुवई कशी ऐकू येईल?"

"'कसं केलंस' म्हणताना वर जाते ती. आवाजही तिच्याबरोबर वर जातो. आणि मला सांगा, वर्गात तुम्ही हा प्रश्न कुणाला विचारता? ज्याचं बरोबर आलंय त्याला विचारता?"

बाईंनी आठवून पाहिलं. बरोबर आलेल्याला त्या "शाब्बास, बस" म्हणत. कसं केलंस हे फक्त चुकलेल्याला. म्हणजे त्यांच्या वर्गात त्या दोन शब्दांचा अर्थ एकच होता, आणि तो मुलांना पहिल्या दिवसापासून पाठ होता. यात कुणाचं चुकलं म्हणण्यासारखंही काही नव्हतं. जगातल्या बहुतेक बाई असंच विचारतात. पण आता या बाईंना ते चालणार नव्हतं.

मग त्यांनी मुलाखती बंद ठेवल्या आणि वर्गात नवाच उद्योग मांडला. बरोबर उत्तर आलं की विचारायचं, कसं केलंस? पहिले काही दिवस वर्गातली हुशार मंडळी हवालदिल झाली. पहिल्या बाकावरचा, कधी न चुकणारा, तर रडकुंडीला आला आणि त्यानं बरोबर उत्तर पुसून चुकीचं लिहिलं. बाई चिकाटीनं विचारत राहिल्या. बरोबरला विचारलं, चुकीला विचारलं, गणिताला विचारलं, एकानं दप्तराला छान गाठ मारली होती त्यालाही विचारलं. सत्राचे दिवस भराभर सरत होते आणि रेकॉर्डर कपाटात पडून होता, त्यामुळे बाईंना झोप लागत नव्हती. पण हळूहळू त्या प्रश्नाची नांगी गळून पडली. मुलं सांगायला लागली. सांगता सांगता एकमेकांना "ए थांब, माझं वेगळंय" म्हणायला लागली.

मुलाखती पुन्हा सुरू झाल्या आणि या वेळी बाईंच्या झोळीत चुका पडू लागल्या. एकाहून एक सुरेख चुका. एक मुलगा उजवीकडून वाचून डावीकडून वजा करत होता. एकीला शून्याची दया येत होती, म्हणून ती त्याच्यातून काहीच काढत नव्हती. बाई घरी येऊन नवऱ्याला सांगत आणि दोघं जेवता जेवता हसत.

सगळ्यांत शेवटी उरली मुंगी. अक्षर मुंगीएवढं काढायची म्हणून वर्गानंच तिला हे नाव ठेवलं होतं. शेजारणीच्या कागदावर एक डोळा ठेवून ती कायम बरोबर असायची आणि तोंडातून शब्द काढायची नाही. इथे शेजारीण नव्हती. बाईंनी तिला बावन्नातून अडतीस वजा करायला दिले. मुंगीनं कोपऱ्यात सव्वीस लिहिलं आणि पेन्सिल खाली ठेवली.

"कसं केलंस?" बाईंनी विचारलं. भुवई जागच्या जागी राहिली.

मुंगी बराच वेळ टेबलावरचा निळा डाग नखानं खरवडत बसली. मग म्हणाली, "आठातून दोन काढले. सहा. पाचातून तीन काढले. दोन."

"हं."

"दोनातून आठ कसे काढणार? दोनाकडे नाहीतच तेवढे." तिचा आवाज जरा धीट झाला. "ज्याच्याकडे जास्त असतात त्यानं द्यायचं. आमच्या घरी तसंच आहे. दादाकडे जास्त असलं तर दादा देतो, माझ्याकडे असलं तर मी देते. जिच्याकडे कमीच आहे तिच्याकडून घेतात का कुणी?"

बाईंनी दोन्ही हात घट्ट धरून ठेवले. सगळ्या वर्गाला शिकवून झालेलं गणित, दशक सुटा करायचा, शेजारून उसने घ्यायचे, सगळं त्यांच्या जिभेवर येऊन उभं राहिलं होतं.

"बरोबर आहे ना बाई?" मुंगीनं विचारलं.

वर्षानुवर्षं ज्या प्रश्नाला बाईंनी क्षणात उत्तर दिलं होतं, त्याला त्या फक्त म्हणाल्या, "तू सांगितलंस ते मला फार आवडलं." आणि ते अगदी खरं होतं. मुंगी उड्या मारत गेली. बाई मात्र घरी येऊन नवऱ्याला म्हणाल्या, "एक पोर चुकीचं उत्तर घेऊन झोपली असेल आज, आणि मला ते माहीत आहे." नवऱ्यानं त्या दिवशी थट्टा केली नाही.

मॅडमनी सगळं ऐकायला आठवडा घेतला. मुंगीची मुलाखत त्यांनी परत परत लावली. शेवटी म्हणाल्या, "समितीपुढे सुरुवात हिच्यापासून करा." आणि बाईंनी तशीच केली. समितीतले एक वयस्कर गृहस्थ सुरुवातीला घड्याळ पाहत होते, ते "जिच्याकडे कमीच आहे तिच्याकडून घेतात का कुणी" या वाक्यापाशी आले आणि त्यांनी घड्याळ उलटं करून ठेवलं. प्रकरण मान्य झालं. बाईंनी बाहेर येऊन नवऱ्याला फोन केला आणि "झालं" एवढंच म्हणाल्या, कारण त्यांना पुढे हसू यायला लागलं होतं.

मॅडम जिन्यापर्यंत आल्या. "अभिनंदन, बाई. आता दोन दिवस आराम करा."

"मॅडम, आता सांगू ना उत्तर त्या पोरीला?"

"सांगा की. आता कोण अडवतंय?"

बाई तडक शाळेत गेल्या. त्यांच्या पोटात काही राहत नाही हे सगळ्या गावाला ठाऊक, आणि हे तर त्यांनी तिथे किती दिवस कोंडून ठेवलं होतं. शाळा सुटत होती. मुंगी व्हरांड्याच्या पायरीवर बसून पाटीवर काहीतरी करत होती. बाईंनी तोंड उघडलं, तेवढ्यात तिनंच सुरू केलं.

"बाई, आमच्या घरी बारा बटणं हरवली!"

"कसली बटणं?"

"आई शिवते ना, तिच्या डब्यातली. मी बावन्न मोजून घेतली. अडतीस काढली. सव्वीस उरायला पाहिजेत, तर चौदाच! सगळी कॉटखाली शोधली. दादाचे खिसे पाहिले. परत केलं तरी चौदाच." तिनं श्वास घेतला. "मग मला कळलं, बटणं नाही हरवली. माझंच काहीतरी..."

"अगं, तेच सांगायला मी..."

"सांगू नका!" मुंगी ओरडली. वर्गात जिचा आवाज कुणी ऐकला नव्हता ती इतकी जोरात ओरडली की फाटकातला शिपाई वळून बघायला लागला. "सांगू नका बाई. मला जवळ जवळ येतंय."

बाई पायरीवर बसल्या. रेकॉर्डर चालू नव्हता, मॅडम नव्हत्या, प्रकरण मान्य होऊन कपाटात गेलं होतं. बोललं तर कुणाचं काही बिघडणार नव्हतं. मुलं शेजारून घरी जात होती. बाई बोलल्या नाहीत.

मुंगीनं पाटीवर बावन्न लिहिले, खाली अडतीस. पेन्सिल आठावर ठेवली. "हे आठ तर न्यायला आलेत. यांच्याकडूनच कसं घ्यायचं?" मग दोनावर ठेवली. "यांच्याकडे नाहीत पुरेसे." पेन्सिल तिथेच थांबली. बाईंनी ओठ दातांखाली धरला. खूप वेळानं पेन्सिल डावीकडे सरकली आणि पाचावर गेली.

"पाचांकडे जास्त आहेत," मुंगी म्हणाली. "पाच देतील की दोनाला. शेजारीच तर राहतात."

या वेळी गप्प राहायला बाईंना काहीच कष्ट पडले नाहीत. त्यांनी जरा सरकून पाटीवर उजेड येऊ दिला.